बर्फखोलीतला उन्हाळा

मार्च सरत आला, परीक्षेला निघालेल्या पोरी छातीशी पॅड धरून रस्त्यानं जाताना दिसू लागल्या, की माझं डावं मनगट ठणकायला लागतं. जुनं मोडलेलं हाड थंडीत दुखतं, असं डॉक्टर सांगतात. माझं उन्हाळ्यात दुखतं. हे हाड मोडलं तेव्हा बाहेर बीड जिल्ह्यातला मे महिना रणरणत होता आणि मी बर्फावर आपटले होते, हे त्यांना कुठं समजावत बसू.

चौसाळ्याला हमरस्त्याच्या कडेला आमचा बर्फाचा कारखाना होता. कारखाना म्हणजे पत्र्याचं एक उंच शेड, त्यात मिठाच्या पाण्याची भली मोठी टाकी, टाकीत बुडवलेले लोखंडी डबे, कोपऱ्यात धडधडणारा कॉम्प्रेसर, आणि मागच्या अंगाला जाड दाराची, बिनखिडकीची बर्फखोली. शेडच्या पाठीला लागून आमचं दोन खोल्यांचं घर. आप्पा, आई आणि मी. मला कळायला लागल्यापासून तो कॉम्प्रेसर माझ्या कानात चालू होता. तो बंद पडला की घर बहिरं झाल्यासारखं वाटायचं.

बर्फ किती दांडगी वस्तू आहे ते बर्फाच्या कारखान्यात वाढलेल्यालाच ठाऊक असतं. लोकांना तो सरबतात तरंगताना दिसतो. आम्हांला दिसायची ती लादी, माणसाएवढी लांब, एकट्यादुकट्याला न हलणारी. तिला लोखंडी आकडा मारून ओढायचं, फरशीवर दाणकन पाडायचं, करवतीनं चिरायचं, पोत्यात घालून मोगरीनं ठेचायचं. दिवसभर आकडा, करवत, मोगरी. लादी कुणाच्या पायावर सरकली तर अंगठ्याचं नख उपटूनच जायचं. रस्त्यावर ट्रक उलटला, जीप एसटीला धडकली, की भर दुपारी माणसं लाद्या न्यायला यायची आणि त्या कशासाठी हे कुणी त्यांना विचारायचं नाही. लाद्यांखाली दिलेल्या फळ्या परत आल्या की आई त्या धुवायची. पाणी गुलाबी होऊन मोरीतून वाहत जायचं.

आणि अमोनिया. नळीचा सांधा कुठं सैल झाला की तो वास नाकात नाही, सरळ डोळ्यांत शिरायचा. कुणी चाकूचं टोक लावावं तसं व्हायचं.

माझे वडील, आप्पा, रोज पहाटे आंघोळ करून कपाळभर भस्म लावायचे. गळ्यातलं इष्टलिंग तळहातावर घेऊन पूजेला बसायचे. तेवढा अर्धा तास त्यांचा चेहरा इतका निवलेला असायचा, की मी दाराआडून बघत राहायची. मला वाटायचं, हे असेच उठले आणि असेच दिवसभर राहिले तर. पण उठले की ते दुसरेच व्हायचे. चहा कोमट झाला म्हणून, डबा वाकला म्हणून, कुणी हाक मारल्यावर लगेच ओ दिली नाही म्हणून. आधी हात. हात दुखला की पायातली चप्पल. आणि कॉम्प्रेसरचा तुटलेला रबरी पट्टा हातभर कापून त्यांनी खिळ्याला अडकवून ठेवला होता, तो शेवटी.

आप्पा दारूला शिवत नव्हते. गावात हे कौतुकानं सांगितलं जायचं. मला वाटायचं, पीत असते तर निदान कधीतरी उतरली असती.

ती वर्षं विचित्र होती. देशाची दारं उघडली म्हणे. आमच्याकडं ती उघडली ती फ्रीजची दारं. थंड पेयांच्या कंपन्यांनी हमरस्त्यावरच्या एकेका हॉटेलवाल्याला, पानवाल्याला काचेच्या दाराचे फ्रीज फुकट वाटले. आत दिवा लागायचा. बाटल्या ओळीनं उभ्या दिसायच्या. बर्फाच्या पेटीत हात घालून बाटली चाचपडत काढायचे दिवस एका वर्षात संपले. आमच्या दारात सकाळी सायकलींची रांग लागायची ती पातळ होत गेली. उरले रसवंतीवाले, लग्नाचे मांडव आणि अपघात. बर्फखोली अर्धी रिकामी राहू लागली. आप्पा त्या रिकाम्या अर्ध्या भागाकडं बघत उभे राहायचे आणि मग बाहेर येऊन जो समोर दिसेल त्याला मारायचे.

दहावीची परीक्षा झाली त्या एप्रिलची ही गोष्ट. क्रिकेटसाठी आप्पांनी घरात केबल घेतली होती. दुपारी ते रस्त्याकडच्या टेबलावर बसलेले असायचे, तेव्हा आई आणि मी टीव्हीचा आवाज बंद करून बघायचो. एके दुपारी पडद्यावर पांढरंशुभ्र मैदान दिसलं. निळा झगा घातलेली एक बाई त्यावरून पाणी वाहावं तशी वाहत होती. मग ती मध्ये थांबली, हात पसरले, एक पाय उचलला आणि गिरकी घेतली. हात छातीशी ओढले तसा तिचा वेग वाढला. वाढत गेला. शेवटी तिचं तोंड दिसेना, नुसती एक निळी रेघ उरली.

आई भाकरीचं पीठ हातात तसंच धरून बसली होती. "हे कशावर चाललंय?"

"बर्फावर," मी म्हणाले. बुटांखालची पाती मला दिसली होती.

पुढच्या उडीला ती बाई धाडकन पडली. आईनं डोळे मिटले. उघडले तेव्हा ती बाई उठून पुन्हा फिरायला लागली होती.

"लागलं आसल की गं तिला," आई म्हणाली. "आन बघ, हासतीय."

त्या रात्रीपर्यंत मी ठरवून टाकलं होतं. सोळा वर्षांच्या वयात ठरवायला फार वेळ लागत नाही. बर्फ आमच्याकडं होता. बाकी काय लागतं.

कॉम्प्रेसर चालवायचं काम युसूफचाचांकडं होतं. वय पन्नाशीपुढचं, उजव्या हाताची दोन बोटं कॉम्प्रेसरच्या पट्ट्यात गेलेली. मला ते कडेवर घेऊन फिरवायचे तेव्हापासूनचे. आप्पांपेक्षा वयानं मोठे असूनही आप्पांच्या हातचा मार त्यांनाही चुकलेला नव्हता. मी त्यांना विचारलं, "चाचा, रिकाम्या बाजूला फरशीवर पाणी ओतलं तर गोठंल का?"

"गोठंल की. गारवा तर दोन्हीकडं एकच हाय. पर कावून?"

मी सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "तुज्या बापाला कळलं तर तुला आन मला दोगांलाबी त्या टाकीत बुडवंल बघ, नंदाबेटी."

आणि संध्याकाळी ते स्वतःच बादली घेऊन आले. चार दिवस आम्ही थरावर थर ओतले. पंधरा-वीस पावलं लांब आणि दहा-बारा पावलं रुंद असा तुकडा तयार झाला, आणि आप्पांना दिसू नये म्हणून चाचा एरवी त्यावर पोती पसरून ठेवायचे. वीज रोजच जायची. ती जाऊन आली की वरचा थर जरासा विरघळून पुन्हा धरायचा आणि बर्फ काचेसारखा होऊन जायचा. महावितरण की काय ते तेव्हा नव्हतं, पण माझं मैदान गुळगुळीत करायचं काम विजेनं इमानदारीनं केलं.

पाती घिसाडणीनं केली. पेरणीआधी घिसाड्यांची पालं हमरस्त्याच्या कडेला पडायची. कोयते, कुळवाच्या पासा, विळे. त्यात तानूबाई म्हणून एक बाई घण मारायची. नवरा सांडशीत लोखंड धरायचा आणि ती दोन्ही हातांनी घण डोक्यामागून आणायची. दंडावरच्या बांगड्या घणाबरोबर वाजायच्या. मी जीपच्या स्प्रिंगच्या जुन्या पाट्याचा तुकडा आणि वहीत काढलेलं चित्र घेऊन तिच्याकडं गेले.

"ह्ये कशाचं औजार?"

"पायाला बांधायचं. बर्फावर पळायला."

तिनं चित्र उलटंसुलटं करून पाहिलं. "म्हंजी पायाला कोयता." तिला त्यात काही नवल वाटलं नाही. दोन दिवसांत तिनं दोन पाती दिली. बाभळीच्या फळीत खाच पाडून ती मी ठोकून बसवली, चामड्याच्या वाद्या लावल्या, शाळेच्या कॅनव्हासच्या बुटांवरून आवळून बांधल्या.

पहिल्या दिवशी मी उभी राहिले आणि त्याच क्षणी पाठीवर पडले. डोकं असं आपटलं की दाताला दात लागून जीभ चावली गेली. तोंडात रक्ताची चव. दुसऱ्यांदा उठले, हनुवटीवर पडले. हनुवटी फाटली. बर्फावर रक्त सांडलं तर ते पसरत नाही, जिथं पडतं तिथंच थिजतं, हे मी तेव्हा पाहिलं. चाचांनी हळद दाबली. घरी सांगितलं, पायरीवरून पडले. आप्पांनी धांदरटपणाबद्दल गालावर एक दिली आणि हनुवटीची जखम पुन्हा उघडली.

पण एक गोष्ट माझ्या लक्षात आली होती. बर्फ मारतो तेव्हा त्याला कारण असतं. गुडघे ताठ ठेवले म्हणून मारतो. अंगाचा भार मागं गेला म्हणून मारतो. खाली पायाकडं बघितलं म्हणून मारतो. मी गुडघे वाकवले, नजर समोरच्या भिंतीवर ठेवली, आणि मार कमी झाला. सोळा वर्षांत असा न्याय मला पहिल्यांदा मिळत होता. घरात गुडघे वाकवून, नजर कुठंही ठेवून काही फरक पडायचा नाही.

रोज दुपारी, आप्पा जेवून रस्त्याकडं गेले की, मी बर्फखोलीत शिरायची. बाहेर डांबर पाघळायचं, कुत्री गाड्यांखाली जिभा काढून पडायची, वाऱ्याची झळ तोंडावर थापड मारल्यासारखी लागायची. आत दात वाजायचे. आईचं जुनं स्वेटर घालून मी भिंतीला धरून, मग भिंत सोडून, मग एका पायावर सरकायला शिकले. पडायलाही शिकले. पडणार असं वाटलं की अंग सोडून द्यायचं, कुशीवर घसरायचं, हात खाली टेकवायचा नाही. पडून उठायची एक रीत असते. आधी गुडघ्यावर यायचं, मग एक पातं रोवायचं, मग त्याच गुडघ्यावर दोन्ही हात दाबून वर यायचं. अंगावरचे काळेनिळे डाग इतके झाले की कुठला बर्फाचा आणि कुठला आप्पांचा हे मला न्हाताना सांगता यायचं नाही.

गिरकी काही केल्या होईना. दोन्ही पाय टेकवून, हात एका बाजूला पिळून सोडले की अर्धं वळून पाती अडकायची आणि मी फेकली जायची. आठ-दहा दिवस हेच. मग टीव्हीवर परत एकदा ती निळी बाई लागली आणि मी पडद्याला नाक लावून तिची पाती बघितली. ती सरळ नव्हती. होडीच्या बुडासारखी जराशी फुगीर होती.

तानूबाईची पालं हलायच्या आदल्या दिवशी मी तिला गाठलं. "ह्याला मधी जरा पोट पायजे."

"आदी सांगायचंस की," ती म्हणाली. तिनं पाती तापवून, ठोकून गोलाई दिली, आणि कानशीनं खालून बारीकशी पन्हळ घासून दिली. "आता दोन धारा झाल्या. सांबाळ. आंगठा तुटंल."

त्याच आठवड्यात आईचा कान गेला. दिवसभर वीज नव्हती. दूध नासू नये म्हणून आईनं बर्फखोलीचं दार उघडून पातेलं आत ठेवलं आणि आप्पांनी ते पाहिलं. दार उघडलं की गारवा जातो. त्यांनी तिथंच दारात तिच्या डाव्या कानावर हात मारला. फार जोरात मारला असंही नाही. पण ती खाली बसली आणि कानातून रक्ताची एक बारीक धार मानेवरून उतरली. आप्पा दार लावून घेऊन निघून गेले. आईनं पदरानं मान पुसली, उठली आणि भाकरी थापायला बसली. मी तिच्याशी बोलत होते तर ती उजवा कान पुढं करून विचारायची, "काय म्हन्लीस?"

पुढं कळलं, पडदा फाटला होता.

वीज येऊन कॉम्प्रेसर धडधडायला लागला तशी मी सरळ बर्फखोलीत गेले. पाती बांधली. हात पिळले आणि सोडले. इतक्या रागानं सोडले की मला वाटलं खांदे निखळून पडतील. आणि मी फिरले. एक फेरा. दोन. दोन्ही हात छातीशी आवळले आणि वेग एकदम वाढला, कुणी मागून दोरी ओढावी तसा. चार, पाच. भिंती, लाद्या, पिवळा बल्ब यांची एकच गढूळ पट्टी झाली. थांबले तेव्हा मी कोपऱ्यात ओकले. पण त्या पाच फेऱ्यांत मला कुणाचाच आवाज आला नव्हता. कॉम्प्रेसरचासुद्धा नाही.

गिरकीबद्दल लोक बोलतात ते डौलाबद्दल बोलतात. माझ्या गिरकीत डौल नव्हता. ती मुठी आवळून घेतलेली गिरकी होती. रोज कुणाला तरी मनातल्या मनात मारत मी फिरायची, आणि तो कुणीतरी कोण हे मला चांगलं ठाऊक होतं. मे महिना अर्धा झाला तेव्हा मी एक पाय गुडघ्यापर्यंत उचलून एका पायावर तीन फेरे घेत होते.

मेच्या शेवटी एका लग्नाची लाद्यांची मोठी मागणी होती. त्या दिवशी सकाळपासून वीज नव्हती. जनरेटर चालू होईना. चाचा मिस्त्रीला आणायला मांजरसुंब्याला गेले. दुपारी मांडववाले टेंपो घेऊन आले तेव्हा डब्यांत अर्धवट गोठलेलं पाणी होतं. लोकांसमोर त्यांतल्या एकानं आप्पांची गचांडी धरली आणि त्यांना मागं ढकललं. टेंपो गेला. मी हे नंतर ऐकलं, कारण मी तेव्हा आत होते. बल्ब नव्हता, म्हणून दार हातभर उघडं ठेवलं होतं. उन्हाचा एक पट्टा बर्फावर आडवा पडला होता. वरून बर्फ सुटायला लागला होता आणि त्यावर पाण्याचा पातळ थर होता. त्या पाण्यावर मी एका पायानं फिरत होते. पाच फेरे झाले. सहावा चालू होता.

दार पूर्ण उघडलं. आप्पा चाचांना शोधत आले होते. पट्टा हातात होता.

"काय चाललंय ह्ये?"

मी थांबले. डोकं गरगरत होतं.

"भाईर ये."

मी हलले नाही.

"भाईर ये म्हन्लं ना."

आयुष्यात पहिल्यांदा मी त्यांचं ऐकलं नाही, आणि तेही धाडस म्हणून नाही. पाय तिथून निघेनात. आप्पा चपलांसकट बर्फावर आले. दुसऱ्याच पावलाला दोन्ही पाय पुढं गेले आणि ते पाठीवर पडले. मोठा आवाज झाला. मला वाटलं आता आभाळ कोसळणार. काही कोसळलं नाही. ते उठले. पट्टा उगारला. उगारताना भार मागं गेला आणि पुन्हा पडले. मी मागं सरकले. ते पुढं आले की मी मागं. हात पुरेल इतक्या अंतरावर मी कधीच नव्हते. ज्या माणसाच्या पायांच्या चाहुलीवर आमचं घर श्वास धरायचं, तो माणूस माझ्यासमोर उभासुद्धा राहू शकत नव्हता. तिसऱ्यांदा ते कोपरावर पडले आणि वाळलेली काटकी मोडावी तसा आवाज आला. त्यांचा चेहरा पांढरा झाला. पण पट्टा त्यांनी डाव्या हातात घेतला आणि बसल्या बसल्या फिरवला. तो माझ्या घोट्याला वेढला. त्यांनी ओढला. मी हात टेकवायचा नाही हे विसरले आणि डाव्या मनगटावर पडले.

बराच वेळ, निदान मला तसं वाटलं, आम्ही दोघं बापलेक त्या ओल्या बर्फावर समोरासमोर आडवे होतो. दोघंही धापा टाकत होतो. मध्ये पट्टा पडलेला.

आधी मी उठले, कारण मला उठता येत होतं.

मी पट्टा उचलला आणि त्यांना मारला. पहिला फटका पाठीवर. त्या फटक्यानं माझीच बोटं झिणझिणली. दुसरा खांद्यावर. ते उठायला बघायचे आणि घसरायचे, मी मारायची. ते ओरडले नाहीत. त्यांनी चांगला होता तो हात कानावर धरला आणि डोकं आत ओढून घेतलं. आई असंच करायची. तसंच, तोच हात, तसंच डोकं. ते पाहून मी थांबायला हवं होतं. मी त्या हातावर मारलं. किती मारले ते मी मोजले नाहीत. मला आठवतं ते इतकंच, की हात वर जाताना हलका व्हायचा आणि खाली येताना अंगातून काहीतरी सुटल्यासारखं बरं वाटायचं. हे लिहायला मला तीस वर्षं लागली. बरं वाटायचं.

मागून कुणीतरी माझा हात धरला. आई होती. अनवाणी. उघडे तळवे पुरते टेकवत आली होती, ती घसरली नव्हती.

"सोड," ती म्हणाली.

मला वाटलं ती त्यांना वाचवतीय, आणि माझा राग तिच्यावर फिरला. मी हात हिसडला. ती सोडेना. तिनं एकेक बोट उलगडून पट्टा काढून घेतला. मग माझ्या लक्षात आलं, की ती आप्पांकडं बघतच नव्हती. ती माझ्या तोंडाकडं बघत होती, आणि ती भ्याली होती. मला भ्याली होती.

त्या दुपारी एकाच जीपमधून आम्ही तिघं बीडला दवाखान्यात गेलो. एकीकडं आप्पा, एकीकडं मी, मध्ये आई. डॉक्टरांनी विचारलं तेव्हा आप्पाच म्हणाले, "बर्फावर घसरलो दोगं." घरी दोन प्लास्टरं आली. त्यांचा उजवा हात गळ्यात बांधलेला, म्हणून आई त्यांना भरवायची. ते मुकाट खायचे. माझ्याकडं बघायचे नाहीत. चाचांनी माझी पाती मिठाच्या टाकीत टाकून दिली आणि मला सांगितलं, "बेटी, रागावू नको. आता ते घरात नको." मी रागावले नाही. मला ती नकोच होती. घरात कुणाचा आवाज नव्हता, कुणी कुणाला मारत नव्हतं, आणि तरीही आई ताट ठेवताना माझ्यापुढं जपून ठेवायची. जसं आप्पांपुढं ठेवायची तसं.

पुढं काय झालं ते थोडक्यात सांगते. दोन वर्षांत कारखाना बंद पडला. चाचा लेकाकडं औरंगाबादला गेले. आई आणि मी घाटनांदूरला मामाच्या घरी राहायला गेलो होतो, तिथं आप्पा एकदा आले होते, ओट्यावर तासभर बसले. आईनं पाणी दिलं, चहा दिला. ते म्हणाले, "चल." ती म्हणाली, "न्हाई." त्यांनी पुन्हा विचारलं नाही. त्यांचं कोपर सरळ होत नव्हतं, कप तोंडाला लावायला मान खाली न्यावी लागत होती. ते वारले तेव्हा आई रडली, मी रडले नाही, आणि वर्षभरानं एका लग्नाच्या मांडवात कुणीतरी लादी फोडत होतं तेव्हा मला हुंदका आवरेना.

माझ्या मुलीवर मी एकदा हात उगारला. ती सात वर्षांची होती, तिनं दुधाचं पातेलं पालथं केलं होतं. हात वर गेला आणि मला तो हलकेपणा ओळखू आला. मी हात तसाच धरून न्हाणीघरात गेले, कडी लावली आणि बादलीतल्या पाण्यात कोपरापर्यंत बुडवून बसले. ती बाहेरून विचारत होती, "आई, काय करतीयेस?"

त्या वर्षीचा माझा दहावीचा निकाल जूनमध्ये लागला. मी पास झाले. दुसऱ्या दिवशी सकाळी आप्पा पूजेला बसले असताना आईनं एक पिशवी भरली आणि मला म्हणाली, चल. आम्ही हमरस्त्यावर उभ्या राहिलो, मांजरसुंब्याला एसटी बदलली. अंबाजोगाईची गाडी भरलेली होती, तरी खिडकीजवळ दोन जागा मिळाल्या. केज मागं पडलं. मला वाटत होतं, तिला अखेर धीर आला. मी त्यांना पाडलं, मारलं, त्यातून तिला धीर आला. मला स्वतःचा थोडा अभिमानही वाटत होता.

मी विचारलं, "आई, आप्पांपायी निघालो ना आपन?"

"न्हाई," ती म्हणाली. "त्येंच्यापायी निघायचं आसतं तर लई आदी निघाले आसते. अठरा वर्सं काडली."

"मग?"

ती खिडकीबाहेर बघत होती. रस्त्याकडेला नांगरलेली काळी रानं मागं सरत होती.

"तुज्यापायी," ती म्हणाली. "तू त्येंच्यावानी मारत हुतीस. हात वर न्यायची पद्दत बी त्येंचीच. आनखी दोन वर्सं त्या घरात ऱ्हायली आसतीस, तर मी कुनाकुनापासनं पळायचं हुतं?"

तिनं माझा चांगला हात उचलून आपल्या मांडीवर घेतला आणि अंबाजोगाई येईपर्यंत दोन्ही हातांनी घट्ट धरून ठेवला.